जरब कशानं बसते? शिक्षा, अद्दल आणि वचक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी गोव्यातल्या फोंड्यात फौजदारी वकिली करते. आधी काही वर्षं सरकारी पक्षाकडून उभी राहायचे, आता बहुतेक वेळा आरोपीकडून. गावच्या वाचनालयात, उच्च माध्यमिकच्या मुलांसमोर किंवा पंचायतीच्या सभागृहात कायद्याबद्दल बोलायला बोलावतात, तेव्हा भाषण संपल्यावर येणारे प्रश्न फिरून फिरून तेच असतात. शिक्षा कडक का नाही? वचक का राहिला नाही? ऑगस्ट २०२३ मध्ये बाणस्तारी पुलावरच्या अपघातात तिघांचा जीव गेला, त्यानंतर तर प्रत्येक सभेत पहिला हात याच प्रश्नासाठी वर जायचा. त्या प्रश्नांची उत्तरं इथं एका जागी ठेवली आहेत. हा कायदेशीर सल्ला नव्हे. तुमची केस चालू असेल तर तुमच्या वकिलाला भेटा.

‘प्रतिरोधक शिक्षा’ म्हणजे नेमकं काय?

कायद्याच्या मराठी पुस्तकांत ‘प्रतिरोधन’ असा शब्द येतो. बोलताना तो कुणाच्याच तोंडी नसतो. आपल्याकडे त्यासाठी दोन जुने शब्द आहेत आणि ते दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. ज्यानं केलं त्याला घडते ती अद्दल. ते पाहून बाकीच्यांवर बसतो तो वचक. दुधानं तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, ही अद्दल. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, हा वचक. कायद्याच्या विद्यार्थ्यांना यावर दोन तास व्याख्यान ऐकावं लागतं, म्हणींनी ते दोन ओळींत उरकलंय.

गल्लत होते ती अशी, की अद्दल घडली म्हणजे वचक बसलाच असं लोक धरून चालतात. पण पुढच्याला लागलेली ठेच मागच्याला दिसली तर पाहिजे! अटकेची बातमी पहिल्या पानावर फोटोसकट येते. त्याच माणसाला झालेल्या शिक्षेची बातमी काही वर्षांनी आतल्या पानावर, कुठल्यातरी जाहिरातीच्या बाजूला. निर्दोष सुटला असेल तर तीही नाही.

न्यायाधीश शिक्षा ठरवताना वचकाचा विचार करतात का?

करतात, पण तेवढाच नाही. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, तिच्यातही शिक्षेची उद्दिष्टं कुठल्या कलमात लिहून ठेवलेली नाहीत. जुन्या दंड संहितेतही नव्हती. बहुतेक कलमं ‘इतक्या वर्षांपर्यंत’ एवढंच सांगतात. त्या ‘पर्यंत’मध्ये कुठं थांबायचं, हे न्यायाधीशांनी आधीच्या निकालांच्या आधारानं ठरवायचं असतं. फौजदारी न्यायव्यवस्था सुधारण्यासाठी नेमलेल्या मलिमथ समितीनं २००३ मध्ये शिक्षेसाठी मार्गदर्शक तत्त्वं असावीत असं सुचवलं होतं. तशी पक्की चौकट अजूनही नाही, त्यामुळे सारख्या गुन्ह्याला दोन कोर्टांत दोन वेगळ्या शिक्षा झालेल्या दिसतात.

सत्र न्यायालयात दोषी ठरवल्यावर शिक्षेच्या मुद्द्यावर आरोपीचं वेगळं ऐकून घ्यावं लागतं. आरोपीला विचारतात, काही सांगायचंय का. तो कोकणीत सांगतो, घरी आई आजारी आहे, धाकटी शाळेत जाते. मग सरकारी वकील उठून म्हणतात, समाजात संदेश गेला पाहिजे. हे वाक्य मी स्वतः किती वेळा म्हटलंय याची मोजदाद नाही. एकदा एका न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहत विचारलं, “संदेश कुणाला, मॅडम? कोर्टात तुम्ही, मी, शिरस्तेदार आणि ह्याची आई, एवढीच माणसं आहेत.” आईला मराठी कळत होतं. तिनं मान खाली घातली.

शिक्षा दुप्पट केली तर गुन्हे निम्म्यावर येतील ना?

नाही. या पानावरचं दुसरं काही वाचायला वेळ नसेल तर एवढंच वाचा.

मंगळसूत्र हिसकावल्याच्या एका केसमध्ये माझा अशील बावीस वर्षांचा होता. कोठडीत भेटले तेव्हा विचारलं, “याला किती शिक्षा आहे हे ठाऊक होतं का?” त्याला प्रश्नच कळला नाही. परत विचारल्यावर म्हणाला, “हांवें हेल्मेट घातिल्लें मगो, मॅडम.” हेल्मेट घातलं होतं ना! त्याचा सगळा हिशेब तोंड दिसणार की नाही एवढ्यावर संपला होता. तीन वर्षं की सात वर्षं, हा आकडा त्या हिशेबात नव्हताच. नव्या संहितेत हिसकावणीसाठी ३०४ हे वेगळं कलम आलंय, त्याची कमाल शिक्षा तीन वर्षं आहे. ती उद्या दहा केली तरी त्या मुलाचं हेल्मेट तसंच राहिलं असतं.

गुन्हा करणारा माणूस तीन गोष्टींना घाबरू शकतो: पकडला जाईन, लगेच निकाल लागेल, मोठी शिक्षा होईल. इटलीतल्या चेझारे बेकारिया या विचारवंतानं १७६४ सालीच लिहून ठेवलंय की यांत पहिलीचं वजन सगळ्यांत जास्त. शिक्षा मध्यम असली पण चुकणार नाही अशी खात्री असली, तर तिचा धाक सुटकेची आशा असलेल्या भयंकर शिक्षेपेक्षा मोठा. गेल्या पन्नास-साठ वर्षांत यावर जो अभ्यास झाला, त्याचाही कल साधारण तिकडेच आहे. पकडलं जाण्याची शक्यता वाढली की फरक पडतो. आधीच लांब असलेली शिक्षा आणखी लांबवून फारसा पडत नाही.

आमच्या फोंडा तालुक्यालाच याचा एक भीषण दाखला ठाऊक आहे. ज्याला वर्तमानपत्रांनी ‘दुपट्टा किलर’ म्हटलं, तो २००९ मध्ये पकडला गेला. त्याच्यावर सोळा स्त्रियांच्या खुनांचा आरोप ठेवला गेला आणि त्यातला पहिला १९९४ मधला. खुनाला फाशी किंवा जन्मठेप ही शिक्षा त्या पंधरा वर्षांत एक दिवसही कमी नव्हती. पण गरिबाघरच्या मुली नाहीशा व्हायच्या आणि कुणाबरोबर तरी गेली असेल म्हणून विषय मिटायचा. पुढे बऱ्याच खटल्यांत तो पुराव्याअभावी सुटला, काहींत जन्मठेप झाली. कायद्यातला आकडा त्याच्या वाटेत कधी आलाच नाही. बेपत्ता मुलीची तक्रार गांभीर्यानं घेणारा एखादा हवालदार आला असता तर गोष्ट वेगळी झाली असती.

मग शिक्षेला काही अर्थच नाही म्हणायचं का?

असं मी म्हणत नाही. दुसऱ्या महायुद्धात, सप्टेंबर १९४४ मध्ये, जर्मनांनी डेन्मार्कच्या पोलिसांनाच अटक केली आणि कोपनहेगनसारखं शहर युद्ध संपेपर्यंत जवळजवळ पोलिसांविना राहिलं. दरोडे आणि चोऱ्या कितीतरी पटींनी वाढल्या. म्हणजे कुणीतरी पकडणारं आहे, या जाणिवेनंच बरेच लोक सरळ चालतात.

त्याच काळातली दुसरी नोंद मला जास्त बोलकी वाटते. अफरातफर आणि फसवणूक तितकी वाढली नाही. कारण पैसे कुणी खाल्ले हे हिशेब उघडला की कळतंच, त्याला पोलीस लागत नाहीत.

तालांवची (वाहतूक दंडाची) रक्कम दहापट झाली, तरी लोक हेल्मेट हँडलला लटकवून फिरतात. असं का?

कारण तालांव कुठं बसतो हे सगळ्यांना पाठ आहे. कुठल्या सर्कलला, सकाळी किती ते किती. तेवढा पट्टा आला की हेल्मेट डोक्यावर, पुढे गेलं की परत हँडलला. समोरून येणारा दिव्याची उघडझाप करून सावध करतो ते वेगळंच. गोव्यात तो शेजारधर्म आहे.

मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली. हेल्मेट नसल्यास शंभर रुपयांच्या जागी हजार, विनापरवाना पाचशेच्या जागी पाच हजार, दारू पिऊन पहिल्यांदा सापडल्यास दोन हजारांच्या जागी दहा हजारांपर्यंत, शिवाय सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. गोव्यात हे दंड लगेच लागू झाले नाहीत. आधी रस्त्यांवरचे खड्डे बुजवू आणि मग दंड वाढवू, अशी भूमिका सरकारनं घेतली होती. त्यावर पुष्कळ विनोद झाले, पण मला ती भूमिका अगदीच वेडेपणाची वाटली नव्हती. दंड घेणाऱ्याचा अधिकार लोकांना पटला नाही, तर दंडाची भीती न बसता चीड तेवढी बसते.

दारूच्या बाबतीत ब्रिटनचा अनुभव सांगण्यासारखा आहे. तिथं ऑक्टोबर १९६७ पासून रस्त्यावर श्वासाची तपासणी सुरू झाली. आधी एवढा गाजावाजा झाला की पहिल्या काही महिन्यांत अपघाती मृत्यू झपाट्यानं घटले. मग हळूहळू लोकांच्या लक्षात आलं की आपल्याला सहसा कुणी थांबवतच नाही. आकडे पुन्हा चढू लागले. कायदा तोच होता, शिक्षाही तीच. उतरली ती लोकांच्या मनातली खात्री.

आपल्याकडे रक्ताच्या १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅम अल्कोहोल ही मर्यादा आहे, ब्रिटनच्या तेव्हाच्या ८० पेक्षा किती तरी कडक. लग्नाच्या हॉलबाहेर, बीचवरून परतीच्या वाटेवर, उर्राकच्या (काजूच्या दारूच्या) दिवसांत आतल्या रस्त्यांवर, रात्री साडेअकराला अल्कोमीटर घेऊन कुणी उभं राहिलं, तेही आज इथं तर परवा तिथं, तर त्या ३० चा उपयोग. नाहीतर तो कागदावरचा आकडा.

रेती आणि डोंगर कापणीवाल्यांना दंड होतो, तरी काम थांबत नाही. तिथं तरी मोठा दंड हवा ना?

हवा. इथं मी माझ्याच वरच्या म्हणण्याला थोडी मुरड घालते.

रागाच्या भरात सुरा उचलणारा हिशेब करत नाही. नदीत रात्री होड्या सोडून रेती काढणारा हिशेब केल्याशिवाय एक टोपलीही उचलत नाही. त्याच्याकडे डिझेलचा खर्च, कामगारांची मजुरी, ट्रकचं भाडं आणि ‘इतर’ असे रकाने असतात. दंड त्या ‘इतर’मध्ये जाऊन बसतो. पकडलं जाण्याची शक्यता दहात एक आणि दंड एका रात्रीच्या कमाईएवढा असेल, तर तो दंड राहत नाही, परवाना होतो. अशा ठिकाणी रक्कम नफ्याच्या कैक पट असली पाहिजे, ट्रक आणि होडी जप्त झाली पाहिजे आणि बुजवलेलं शेत किंवा कापलेला उतार त्याच्याच पैशानं पूर्ववत झाला पाहिजे.

छोटा दंड कधी कधी उलटा पडतो. इस्रायलच्या हैफा शहरात काही पाळणाघरांनी मुलांना न्यायला उशीर करणाऱ्या पालकांना दंड लावून पाहिला. हा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. उशीर कमी होण्याऐवजी वाढला. आधी पालकांना बाईंसमोर ओशाळं वाटायचं, आता ते पैसे मोजत होते. दंड काढून टाकल्यावरही ती लाज परत आली नाही. किनाऱ्यावर बाटल्या फोडणाऱ्यांना पकडून हजार-दोन हजारांची पावती दिली की मला हे पाळणाघर आठवतं.

ड्रग्सवाल्यांना सरळ फाशी का देत नाहीत?

कायद्यात एक वाट होती. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात १९८९ मध्ये दुरुस्ती झाली आणि मोठ्या साठ्याच्या काही गुन्ह्यांत दुसऱ्यांदा दोषी ठरणाऱ्याला फाशी सक्तीची झाली. मुंबई उच्च न्यायालयानं २०११ मध्ये ती सक्ती घटनेत बसत नाही असं ठरवलं आणि २०१४ च्या दुरुस्तीनं ती न्यायाधीशांच्या विवेकावर सोडली. बाकी शिक्षा आजही भरपूर जड आहेत. गांजा वीस किलो किंवा चरस एक किलो यापुढे गेला की कमीत कमी दहा वर्षं, जास्तीत जास्त वीस, शिवाय कमीत कमी एक लाख दंड.

किनारपट्टीवर त्यामुळे काय फरक पडला हे तुम्हीच पाहताय.

आतली गोष्ट अशी आहे. शिक्षा जितकी जड, तितका न्यायालयाचा हात पुराव्याच्या बाबतीत कडक होतो, आणि तो व्हायलाच हवा. झडती घेताना आरोपीला त्याचा हक्क सांगितला का, मिळालेली खबर लिहून वरिष्ठांना कळवली का, नमुना कुणी आणि कधी सील केला, सीलची नोंद पंचनाम्यातल्या नोंदीशी जुळते का. यातलं एक सुटलं की दहा वर्षांची केस कोसळते. आरोपीची वकील म्हणून मी हेच शोधते, त्यात लपवण्यासारखं काही नाही. म्हणजे शिक्षा वाढवली आणि तपासाचं प्रशिक्षण तेवढंच ठेवलं, तर शिक्षा होण्याची शक्यता घटते. कागदावर जरब वाढते, कोर्टात कमी होते. पंचांचंही तसंच. त्याच त्याच दोन-चार माणसांना प्रत्येक धाडीत पंच म्हणून उभं केलं की उलटतपासणीत बचाव पक्षाला फारसे कष्ट पडत नाहीत.

ज्यांच्या घरात कुणी व्यसनात सापडलंय त्यांच्यासाठी एक सांगून ठेवते. या कायद्याच्या ६४-अ कलमाखाली, सेवनाच्या किंवा अगदी थोड्या मात्रेच्या गुन्ह्यात आरोप असलेल्या व्यसनी माणसानं स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेतले, तर खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. उपचार अर्ध्यावर सोडले तर ते काढूनही घेतलं जाऊ शकतं.

फाशीनं खून कमी होतात का?

याचं खात्रीचं उत्तर कुणाकडे नाही, आणि असल्याचा आव दोन्ही बाजू आणतात. अमेरिकेत आयझॅक एर्लिक या अर्थशास्त्रज्ञानं १९७५ मध्ये गणित मांडलं की एका फाशीमागे सात-आठ खून टळतात. त्यावर पुढे वर्षानुवर्षं वाद झाला. शेवटी २०१२ मध्ये तिथल्या नॅशनल रिसर्च कौन्सिलनं तोवरच्या अभ्यासांची छाननी करून सांगितलं की यांवरून फाशीनं खून कमी होतात असंही म्हणता येत नाही, वाढतात असंही नाही आणि काही फरक पडत नाही असंही नाही. धोरण ठरवताना हे अभ्यास वापरू नका. कॅनडानं १९७६ मध्ये खुनासाठीची फाशी रद्द केली, त्यानंतर तिथलं खुनांचं प्रमाण वाढलं नाही, उलट पुढच्या दशकांत उतरलं.

आपल्याकडे विधी आयोगानं १९६७ मध्ये फाशी ठेवा म्हटलं आणि २०१५ मध्ये दहशतवाद व देशाविरुद्ध युद्धाचे गुन्हे वगळता काढा म्हटलं. सर्वोच्च न्यायालयाची १९८० च्या बच्चन सिंग खटल्यातली ‘दुर्मिळातली दुर्मीळ’ ही कसोटी आजही चालते.

बलात्काराला फाशी हवी, असं म्हणणाऱ्या बायकांशी मी सहसा वाद घालत नाही, त्यांचा संताप माझाही आहे. फक्त दोन गोष्टी त्यांच्यापुढे ठेवते. खुनाला आणि बलात्काराला एकच शिक्षा असली, तर एकमेव साक्षीदार जिवंत का ठेवायचा, असा प्रश्न गुन्हेगाराला पडू शकतो. दुसरं म्हणजे लहान मुलांच्या बाबतीत गुन्हेगार बहुतेक वेळा ओळखीचा असतो: काका, शेजारी, शिकवणीचा सर. त्याला फाशी होईल म्हटल्यावर घरातली मोठी माणसं त्या मुलीला बोलू देतील का?

भर चौकात फाशी दिली तर?

राजस्थान उच्च न्यायालयानं एकदा तसा आदेश दिला होता. सर्वोच्च न्यायालयानं १९८५ मध्ये तो थांबवला. एका रानटी गुन्ह्याला दुसऱ्या रानटीपणानं उत्तर देता येणार नाही, असा त्याचा रोख होता.

आपल्याला हे बघायला राजस्थानला जायला नको. जुन्या गोव्यात रस्त्याकडेला काळ्या दगडाचा हातकातरो खांब उभा आहे. लोकांच्या सांगण्यात तिथं हात तोडत. पोर्तुगीज शहरांत गुन्हेगाराला सगळ्यांसमोर बांधून फटके देण्यासाठी असा खांब उभारायची प्रथाच होती. १७८७ चा पोर्तुगीज सत्तेविरुद्धचा पिंटोंचा कट फसल्यावर पुढच्या वर्षी पणजीत पंधरा जणांना हाल हाल करून मारलं. वचक बसावा हाच हेतू. सत्तरी तालुक्यातल्या राणे घराण्यानं मात्र बंड करायचं थांबवलं नाही. १८५२ मध्ये दीपाजी राणे उठले, १८९५ मध्ये पुन्हा उठाव झाला. ज्याला आपण बरोबर आहोत असं वाटतं, त्याच्यावर शिक्षेचा वचक चालत नाही.

पोर्तुगीज काळात फाशी नव्हती, तरी लोक दारं उघडी टाकून झोपत. मग तेव्हा वचक कशाचा होता?

माझ्या आजोबांचंही हेच म्हणणं होतं, आणि त्यांच्या घराला तेव्हासुद्धा दोन अडसर होते. असो.

पोर्तुगालनं सर्वसाधारण गुन्ह्यांसाठी फाशी १८६७ मध्ये रद्द केली, काही वर्षांनी वसाहतींतही. गोव्याच्या मुक्तीनंतर भारतीय दंड संहिता लागू झाली आणि तिच्याबरोबर फाशी परत आली. कायद्याकडे पाहिलं तर आधीचा काळ सौम्य होता. पण गाव लहान होतं. वाड्यावर कोण नवा आला हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळायचं, रेजिदोराला, म्हणजे गावच्या सरकारी अधिकाऱ्याला, तर आधीच. चोरी केली तर लपायला जागा नव्हती आणि चोरलेलं विकायलाही नव्हती. वचक पकडलं जाण्याचा होता, तो गावच बाळगून होता. वर देवळातलं गाऱ्हाणं आणि गाव राखणाऱ्या देवाचा, राखणदाराचा धाक. राखणदार कधी तारीख पुढे ढकलत नाही.

राजकीय कैद्यांसाठी मात्र तो काळ सौम्य नव्हता. आग्वादचा तुरुंग होता, गोवा मुक्तीचे नेते त्रिस्ताव ब्रागांझ कुन्हांना आठ वर्षांची शिक्षा देऊन पोर्तुगालच्या पेनिश किल्ल्यात धाडलं. तरी १५ ऑगस्ट १९५५ ला सत्याग्रही सरहद्द ओलांडून आत आलेच, समोर बंदुका दिसत असताना.

एखाद्याला उदाहरण म्हणून जास्त शिक्षा दिली तर काय बिघडलं?

त्याच्या वाट्याला त्यानं केलंय तेवढंच यावं, हा नेम मोडतो, एवढं बिघडतं. बाकीच्यांना धडा मिळावा म्हणून त्याच्या पाठीवर चार फटके जास्त मारायचे, तर तो माणूस राहत नाही, फलक होतो. हाच विचार ताणत नेला तर लोकांना धाक बसण्यासाठी शिक्षा झाल्याचं दिसलं म्हणजे पुरे, कुणाला झाली याला महत्त्व नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण तिथूनच येते. कौटिल्य दंडाबद्दल कठोर म्हणून ओळखला जातो, पण त्यानंही अति तीक्ष्ण दंडानं लोक बिथरतात, अति मऊ दंडानं राजाला जुमानत नाहीत आणि ज्याला त्याच्या योग्यतेचा दंड देणाऱ्याला मान मिळतो, असंच सांगितलंय.

खटला आठ-दहा वर्षं चालतो. त्यानंतरच्या शिक्षेचा कुणावर काय परिणाम होणार?

फारसा नाही. हणजूण किनाऱ्यावर फेब्रुवारी २००८ मध्ये पंधरा वर्षांच्या ब्रिटिश मुलीचा मृतदेह सापडला. बाल न्यायालयानं २०१६ मध्ये दोघांना निर्दोष सोडलं, उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं २०१९ मध्ये त्यातल्या एकाला दोषी ठरवून दहा वर्षांची सक्तमजुरी दिली. अकरा वर्षं. काणकोणात मार्च २०१७ मध्ये परदेशी तरुणीचा बलात्कार करून खून झाला, त्यात जन्मठेप झाली ती फेब्रुवारी २०२५ मध्ये. पहिल्या घटनेच्या वेळी दहावीत असलेली मुलं निकालाच्या वेळी स्वतःची लहान मुलं घेऊन किनाऱ्यावर फिरत होती. त्यांना यातला धागा जोडता येईल?

उशिराचा दुसरा परिणाम तुरुंगात दिसतो. देशभरच्या कैद्यांत सुमारे तीन-चतुर्थांश कच्चे कैदी आहेत, म्हणजे गुन्हा अजून शाबीत न झालेले. कोलवाळच्या कारागृहात अशील भेटतो तेव्हा तो पहिल्यांदा विचारतो, तारीख कधी. शिक्षा किती हा प्रश्न पुढचा. फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्यात पहिल्यांदाच आरोपी झालेल्यानं कमाल शिक्षेच्या एक-तृतीयांश काळ कच्च्या कैदेत काढला असेल, तर त्याला सोडण्याची तरतूद आहे. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे त्यातून वगळलेत. एकापेक्षा जास्त खटले चालू असतील तर ती लागू होत नाही.

रस्ता झाडायची शिक्षा म्हणजे थट्टाच नाही का?

न्याय संहितेत सामुदायिक सेवा ही शिक्षा पहिल्यांदाच आली आहे, आणि ती मोजक्याच गुन्ह्यांना. पाच हजारांखालची पहिली चोरी, तीही माल परत केला तर. दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी धिंगाणा. बदनामी. असे आणखी दोन-तीन.

मला ती थट्टा वाटत नाही. दारूच्या धिंगाण्याला दुसरी शिक्षा चोवीस तासांपर्यंत साधी कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. पर्यटकाला हजार रुपये म्हणजे एका जेवणाचं बिल. त्याच पर्यटकाला दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी घेऊन बागा किनाऱ्यावर बाटल्या वेचायला लावलं, तर सोबतचे मित्र फोटो काढणारच. वचक बसवण्याचं काम ते फुकट करतील.

मटका बंद का होत नाही?

१९७६ चा जुगारबंदी कायदा आहे, धाडी पडतात, पकडलेला जामिनावर सुटून संध्याकाळी त्याच जागी बसतो. आणि मांडवीत कॅसिनोच्या बोटी रोषणाई करून उभ्या. यावर मी सभेत जास्त बोलत नाही.

तुरुंगात जाऊन आलेला परत गुन्हा करत नाही ना?

काही जण करत नाहीत. पण पहिल्यांदा चुकलेल्या पोराला तुरुंगात टाकल्यानं तो सुधारतोच, याला अभ्यासांतून आधार मिळत नाही. आत त्याची ओळख कुणाशी होते ते बघा. म्हणूनच १९५८ चा परिवीक्षा कायदा आहे: एकवीस वर्षांखालच्याला, गुन्हा जन्मठेपेइतका गंभीर नसेल तर, शक्यतो तुरुंगात न पाठवता चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडायचं. वर सांगितलेल्या हेल्मेटवाल्याला त्याचं वय एक वर्षानं आड आलं. पण न्यायाधीशांना वय जास्त असलं तरी तसं सोडता येतं. सोडला. आता तो एका दुकानाची गॅस सिलिंडरची गाडी चालवतो. अधूनमधून दिसतो, हेल्मेट घातलेलं असतं.

साक्षीला बोलावणं आलंय. नोकरीचा दिवस बुडवून जावं का?

जा. तुम्ही गेला नाहीत तर तारीख पडते, दोन वेळा गेला नाहीत तर वॉरंट निघू शकतं. आरोपीच्या बाजूनं मी उभी असेन तर तुमच्या न येण्यानं मला फायदाच आहे, तरी सांगते.

फौजदारी खटल्यात साक्षीदाराला प्रवासाचा आणि दिवसाचा खर्च देण्याची तरतूद आहे. रक्कम मोठी नसते आणि मागितल्याशिवाय सहसा मिळत नाही, तेव्हा साक्ष झाल्यावर कोर्टाच्या कार्यालयात मागा. समन्सची प्रत आणि ओळखपत्र बरोबर ठेवा. पोहोचल्यावर आधी सरकारी वकिलांना भेटून आलोय म्हणून सांगा, नाहीतर बाहेरच्या बाकावर बसून राहाल आणि आत ‘साक्षीदार गैरहजर’ लिहिलं जाईल. कामावर दाखवायला हजेरीचा दाखला मिळतो, तोही मागून घ्या. त्या दिवशी साक्ष झाली नाही तर पुढची तारीख कागदावर लिहून घेऊनच निघा.